दुसऱ्या पळीनंतर

तुळशीला हात लावून सांगते, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या ह्या दोन्ही डोळ्यांची आण घेऊन ओरडून सांगते, ह्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे! हसू नका. तुमच्या पणजोबांच्या बैलगाडीमागून उणकलपासून वाघ चालत आला आणि धारवाडच्या नाक्यावर जकात भरायला थांबला, ती गोष्ट मी थोडी वाढवली होती, कबूल. वाघ होता, जकात मी घातली. पण ही तशी नव्हे. ही माझ्या मेधाची आहे, पोटच्या लेकीची, आणि मेधानं मला सगळं सांगितलंय, मनातलंसुद्धा.

मेधा उणकलला एका लॅबमध्ये काम करते. तळ्याच्या मागच्या अंगाला नव्या वसाहतीत, खाली बेकरी आणि वर लॅब. सकाळी धारवाडहून बस पकडायची, हल्ली ती चिगरी नावाची, खिडकीशी बसून डुलकी काढायची, उतरलं की बेकरीतल्या खमंग बटरचा वास घेत जिना चढायचा, आणि वर गेलं की तो वास संपून स्पिरिटचा सुरू. बावीस वर्षं हेच.

तिचं काम काय, तर लोक जे पितात, लावतात, चोळतात, त्यात विष आहे का बघायचं. कधी खोकल्याचं औषध, कधी अत्तर, आणि त्या तापाच्या वर्षी नुसतं सॅनिटायझर. ते चांगल्या स्पिरिटचं असावं लागतं, इथेनॉल म्हणतात त्याला. पण काही लबाड लोक त्यात मिथेनॉल घालतात. दिसायला तेच, वासालाही जवळजवळ तेच. पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग माणूस.

मशीन आहे आपल्या कपाटाच्या अर्ध्याएवढं, जीसी म्हणतात. आत केसासारखी बारीक नळी, तीस मीटर लांब, वेटोळं करून बसवलेली. सुईनं थेंबाचा अंश टोचायचा. मग त्यातले पदार्थ नळीतून चालत सुटतात, आणि ज्याची त्याची चाल ठरलेली. मिथेनॉल हलकं, ते पुढं पळतं. इथेनॉल मागून येतं. जो बाहेर पडेल त्याची कॉम्प्युटरवरच्या सरळ रेघेला एक टेकडी येते. मिथेनॉलची टेकडी दुसऱ्या मिनिटाला. टेकडी जेवढी उंच, तेवढं विष. आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे काहीच न टोचता मशीन चालवायचं. रेघ सरळ आली की मशीन स्वच्छ. त्याला ब्लँक म्हणतात.

जानेवारीतल्या एका सोमवारी मेधानं साडेआठला ब्लँक लावला आणि वही काढली. मान वर केली तर दुसऱ्या मिनिटाला बारीकशी टेकडी. बरं, शनिवारचं काही उरलं असेल. तिसऱ्या मिनिटाला परत एक, तेवढीच. मग रेघ सरळ. मेधा बघत राहिली. सहाव्या मिनिटाला तिसरी. आणि तिच्या पाठोपाठ रेघ खाली गेली, छोटासा खड्डा पडला, आणि वर येऊन परत सरळ झाली.

काही टोचलेलंच नव्हतं. आणि टोचलं असतं तरी मिथेनॉल एका टोचणीत एकदाच येतं. तीनदा कसं येईल? खड्डा पडायला तर काही कारणच नव्हतं.

तिनं परत ब्लँक लावला. रेघ सरळ, सुतासारखी. मेधानं वहीत तारीख घातली आणि विषय सोडला. बाराला तीन टेकड्या, एक खड्डा. संध्याकाळी सहाला तीन टेकड्या, एक खड्डा. मधल्या वेळात काही नाही.

आठवड्यानं मशीन दुरुस्त करणारा सुधींद्र आला. तोंडाचा पट्टा चालू ठेवून काम करणारा मुलगा आहे, पण हात चांगला. दोन दिवस मशीन उघडून बसला.

"अक्का, सुई बदलली, रबर बदललं, नळी बदलली. आता ह्या खोलीत जुनं असं काही राहिलं नाही, तुम्ही सोडून."

"मग हे काय येतंय?"

"एन् गोत्तिल्ल अक्का. काय की. दहाला येत नाही, चारला येत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. गोळ्या घेतल्यासारखं." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही तिसरी बघा. दुसरीनंतर लगेच यायला पाहिजे की. ही थांबून येतीय. मध्ये कुणाशी तरी बोलायला गेल्यासारखी."

सामान आवरताना त्यानं एकदाही मशीनकडं पाठ केली नाही, असं मेधा सांगते.

लॅबचे मालक पद्मनाभ. ते म्हणाले, "मेधा मॅडम, तेवढ्या वेळा सोडून काम करा की. मशीनला पण नाश्ता-जेवण आहे समजा."

आता तुम्हाला तापाच्या वर्षात नेते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या जूनमध्ये लॅबमध्ये दिवसाला साठ-साठ बाटल्या यायच्या. एका कारखान्याच्या तीन बाटल्या आल्या, एकाच घाण्याच्या. मेधानं पहिलीतलं टोचलं, तर मिथेनॉलची टेकडी अशी वर गेली की पडद्याबाहेर. असं काही अचाट दिसलं की आधी मशीनवर संशय घ्यायचा, मालावर नंतर, ही त्यांची रीत. सुईत आधीचं काही राहिलं असेल. सुई धुवायची, ब्लँक लावायचा, परत टोचायचं. रीत बरोबर आहे. पण परत टोचायचं ते त्याच बाटलीतलं. मेधानं घाईत, हाताला लागली ती दुसरी बाटली फोडली. रेघ स्वच्छ आली. मग पहिल्या टेकडीवर काट मारून तिनं पुढं लिहिलं, 'सुईत उरलेलं', आणि सही केली. तिसरी बाटली कपाटात गेली. पहिली, फोडलेली, तिनं घरी आणली. तेव्हा बाजारात मिळत नव्हतं ना.

घरी ह्यांना, म्हणजे मेधाच्या अप्पांना, मुकुंदरावांना, ताप येऊन गेला होता. माणूस वाचला, पण नाक आणि जीभ गेली. हिंगाची फोडणी आणि घासलेट त्यांना सारखंच. कोर्टात शिरस्तेदार होते, सगळं नियमानं. बरे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून संध्येला बसले. डॉक्टरांनी सांगितलेलं, सारखे हात पुसा. आता प्लॅस्टिकची बाटली देवघरात कशी चालणार? म्हणून मेधानं सॅनिटायझर तांब्याच्या एका पंचपात्रीत ओतलं आणि पाटाच्या डाव्या बाजूला ठेवलं. उजव्या बाजूला नेहमीची, पाण्याची. दोन्ही तांब्याच्या, एका मापाच्या, माझ्या माहेरच्या.

"अप्पा, डावीकडचं हाताला, उजवीकडचं आचमनाला."

"शुद्ध आहे ना गं?"

"मी स्वतः तपासलंय."

"मग झालं. मेधाची सही म्हणजे कोर्टाचा शिक्का."

आचमन तुम्ही बघितलंय. तळहातावर एक पळी पाणी घ्यायचं, प्यायचं. असं तीनदा. चौथी पळी हातावरनं ताम्हनात सोडायची. मध्ये बोलायचं नसतं. पण ह्यांची एक खोड होती. दुसऱ्या पळीनंतर थांबायचे, स्वयंपाकघराकडं तोंड करायचे आणि विचारायचे, "लीला, चहा टाकलास का?" मी "टाकलाय" म्हटलं की मग तिसरी. चाळीस वर्षं. मी म्हणायचे, अहो, देव मध्येच ताटकळत बसतो की. तर म्हणायचे, त्यालाही विचारतोय मी, घेणार का म्हणून.

त्या दिवशीही तसंच. दुसऱ्या पळीनंतर चहाचं विचारलं, मी "टाकलाय" म्हटलं, त्यांनी तिसरी घेतली. दुसरं काही बोलणं झालं नाही. डाव्या-उजव्याची गफलत त्यांनाही कळली नाही, आम्हालाही नाही. दोन दिवस, तिन्ही वेळा, ते डावीकडचंच पीत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "अगं, दिवा का लावला नाहीस?"

सोप्यात ऊन पडलं होतं. त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

दवाखान्यात जीव वाचला. डोळे नाही. मेधानं डावीकडच्या पंचपात्रीतलं उरलेलं लॅबला नेलं, टोचलं, आणि टेकडी परत पडद्याबाहेर गेली. पद्मनाभांना सांगितलं, माल परत मागवला, सगळं रीतसर केलं. फक्त अप्पांना सांगितलं नाही. ताप डोळ्यांवर उतरला, असं आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. कोर्टात उभं आयुष्य खोट्या साक्षी ऐकलेला माणूस, पण घरातल्यांची उलटतपासणी कधी केली नाही त्यांनी.

आणि पुढची साडेतीन वर्षं काय करायचे, माहीत आहे? दूध पुढं ठेवलं की, "मेधानं तपासलंय का?" पाणी ठेवलं की, "मेधानं तपासलंय का?" आल्या-गेल्याला कौतुकानं सांगायचे, माझी लेक तपासल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. मेधा तिथंच उभी असायची. "हो अप्पा, तपासलंय," म्हणायची आणि आत जाऊन नळ सोडून ठेवायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

उद्या सांगते, पाडव्यानंतर सांगते, थंडी सरली की सांगते, असं म्हणता म्हणता कार्तिकात ते गेले. झोपेतच. आणि जानेवारीत मशीनमध्ये ते सुरू झालं.

फेब्रुवारीत त्यांचं महिन्याचं श्राद्ध होतं. माझा मुलगा दत्तात्रय पाटावर बसला. मेधा स्वयंपाकघराच्या दारात, ओल्या हातानं उभी. पळी पंचपात्रीला लागून वाजली. एक. परत वाजली. दोन. परत. तीन. मग ताम्हनात पाणी पडलं.

मेधाचे हात तसेच राहिले. तीन वर, एक खाली.

दत्तानं न थांबता केलं होतं. मध्ये थांबणारा माणूस एकच होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या भांड्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती घड्याळ लावून बसायला लागली. साडेआठ. टेकडी. टेकडी. मग सरळ रेघ. तिनं इकडंतिकडं बघून हळूच म्हटलं, "चहा टाकलाय, अप्पा."

रेघ तशीच सरळ. तिसरी यायची तेव्हाच आली. मागं तीन मिनिटं लागायची, त्या दिवशी पाच लागली.

मग सात. मग अकरा. मधली थांबण्याची वेळ रोज वाढत चालली. मशीन थांबायची वेळ झाली तरी मेधा ते थांबवू देईना. ह्या दिवसांत तिला खोलीत एक वास यायला लागला. स्पिरिटचा नव्हे. ओल्या तांब्याचा, आणि उगाळलेल्या चंदनाचा. तिनं पद्मनाभांना विचारलं, तर ते म्हणाले, खाली बेकरीतला असेल. बेकरीत चंदन कोण उगाळतंय?

एका शनिवारी दुपारी सगळे जेवायला खाली गेले. बाराला तिनं ब्लँक लावला. पहिली आली. दुसरी आली.

मेधा स्टुलावरनं उठली आणि मशीनपुढं हात जोडून उभी राहिली. शिकलेली बाई, डोक्यावर सरकारी दाखले भिंतीला टांगलेले.

"अप्पा, मी तपासलं नव्हतं."

रेघ सरळ.

"पहिल्या बाटलीत दिसलं होतं मला. मी दुसरी टोचली. सही केली. आणि पहिलीच तुमच्या पाटाशी ठेवली. तापानं नाही गेले तुमचे डोळे. माझ्यानं गेले."

पंख्याचा आवाज. खाली रस्त्यावर कुणीतरी कानडीत लिंबांचा भाव करत होतं. पहिल्यांदाच तोंडातनं बाहेर पडलं होतं ते. तिला वाटलं, आता सुटलं. आता रेघ अशीच राहणार.

वीस मिनिटं राहिली. मग तिसरी आली. मग खड्डा.

त्या दिवशी घरी आली आणि चप्पल न काढताच माझ्यापुढं बसली.

"आई, सगळं सांगितलं मी. तरी ते थांबतातच. कशाची वाट बघतात गं?"

"मशीन आहे बाई ते."

"मी नोकरी सोडतेय. पत्र लिहिलंय, महिनाअखेरीला देते. ज्या हातानं ती सही केली त्या हातानं आता दुसऱ्या कुणाच्या विषावर सही नको." तिचे हात बघितले मी. सारखे धुऊन धुऊन फुटले होते, बोटांच्या पेरांत रक्त. "आई, तू एकदा ये ना लॅबला. फक्त बस तिथं. दुसरी झाली की ते तुझ्याशीच बोलायचे."

"माझे गुडघे बघ की. जिना कसा चढू?"

सुभाष रोडला दर शुक्रवारी मी ह्याच गुडघ्यांनी जाते, बांगड्यांच्या दुकानाचा माडीवरचा जिना चढते. मेधाला ते माहीत आहे. ती उठून हात धुवायला गेली.

काल दुपारी बाराला पहिली टेकडी आली. दुसरी आली.

तिसरी आली नाही.

एक वाजला, दोन वाजले. मेधानं सुधींद्रला बोलावलं. तो आला, दारातूनच बघितलं. "बंद करू अक्का?"

"नको. राहू दे."

"किती वेळ?"

"ते म्हणतील तेवढा."

संध्याकाळी सहाला काही आलं नाही. आज सकाळीही नाही. नुसती सरळ रेघ, कालच्या दुपारपासून.

तर असं आहे. शब्दन्‌शब्द खरा.

एक सोडून. तेवढं मी घातलं. डोळ्यांची आण उगीच घेतली.

त्या पहिल्या दिवशी ह्यांनी चहाचं विचारलं नव्हतं. दुसऱ्या पळीनंतर थांबले, स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि म्हणाले, "लीला, घसा जळतोय गं. आचमनाला डावीकडचं का उजवीकडचं?"

मला अगदी नीट ऐकू आलं होतं. मेधा कुठलं कुठं ठेवून गेली तेही ठाऊक होतं. पण सरळ उत्तर द्यायची सवय नाही ना मला. मी आतूनच म्हटलं, "कुठलंही घ्या की हो, दोन्ही तुमच्या लेकीनंच तपासलंय!"

हसले ते. आणि तिसरी घेतली.

मेधाला हे अजून माहीत नाही. आत्ता तिचा फोन आला होता. रेघ अजून सरळच चाललीय म्हणाली. मग थांबली आणि म्हणाली, "आई, तुझ्यामागं पळी कसली वाजतीय?"

मी म्हटलं, चहा ढवळतेय.

चहा अजून टाकलेला नाही.